हेलिकॉप्टर उतरायला जागा

“गुळवेसाहेब, हेलिकॉप्टर उतरायला जागा किती लागते हो?”

इसाकच्या कँटीनमध्ये बशीत चहा ओतता ओतता मी हे विचारलं, आणि गुळव्यांचा भजं धरलेला हात तोंडाच्या अलीकडे वीतभर थांबला. गुळवे म्हणजे बांधकाम खात्याचे उपअभियंता. आमच्या बोरमाळावरच्या विद्यापीठात वसतिगृहाचं काम चाललं होतं, ते बघायला ते रोज यायचे. म्हणजे इसाकची भजी खायला यायचे. वसतिगृह तिथून दिसायचं, एवढाच त्या कामाशी त्यांचा संबंध.

“का हो सर?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. सहज.”

“असलं सहज कोण विचारतं?”

मी मागं बघितलं, पुढं बघितलं, इसाककडं जरा जास्त वेळ बघितलं. मग आवाज खाली उतरवून म्हणालो, “जाऊ द्या साहेब. मी विचारलंच नाही समजा.”

गुळव्यांनी भजं परत ताटलीत ठेवलं. या माणसाला भजं परत ठेवताना मी उभ्या जन्मात तेवढं एकदाच पाहिलं.

लोक आजही म्हणतात, त्या वेळी डफळे सरांनी अफवा उठवली. आपण गळ्याला हात लावून सांगतो, मी खोटं एक अक्षर बोललो नाही. माणसानं ज्ञान मिळवण्यासाठी प्रश्न विचारू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? हां, आता तो प्रश्न मला का पडला, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी त्या विद्यापीठाचा क्रीडा संचालक. पाटी पितळेची होती, खोली होती, शिट्टी होती. फक्त मैदान नव्हतं. म्हणजे नकाशात होतं. प्रत्यक्षात तो एक माळ होता, आणि त्यावर एवढे दगड होते की आमच्या पोरी दगडांना गुडघ्यांच्या नावानं ओळखायच्या. हा शैलाचा, हा कमरूनिसाचा, हा सुलूचा डावा, तो सुलूचा उजवा. वीटभट्टीची गाढवं तिथं चरायची. गावातला एकजण त्यावर जीप शिकवायचा. आमची खो-खोची पळती आणि त्याचं रिव्हर्स एकाच वेळी चालायचं. त्यातून आमच्या पोरी हुलकावणी द्यायला अशा शिकल्या की ज्याचं नाव ते. ज्या पोरीनं मागं येणारी जीप चुकवली, तिला माणूस काय धरणार?

मैदानासाठी अनुदान मागून माझे केस गेले. उरलेत ते मागण्याच्या आधीचे. विद्यापीठ म्हणायचं, राज्याकडं मागा. राज्य म्हणायचं, दिल्लीकडं मागा. दिल्लीचं म्हणणं, मैदानाच्या विकासासाठी पैसे आहेत, पण ते विकसित मैदान असलेल्या विद्यापीठालाच मिळतात. आधी लेकरू दाखवा, मग लग्नाला पैसे देऊ, त्यातला प्रकार.

अगदीच काही दिलं नाही असं म्हणून पाप घेणार नाही. एका वर्षी सरकारकडून क्रीडासाहित्याचे मोठे पेटारे आले. सगळं विद्यापीठ जमलं. फोडून बघतो तर वल्ही. होडी नाही, नुसती वल्ही. आमच्याकडं टँकरमागं धावणं हाच उन्हाळी खेळ. पण साहित्य परत पाठवलं तर पुढच्या वर्षी तेही येत नाही, म्हणून मी सही करून ती ठेवून घेतली. शेळ्यांसाठी बाभळीच्या शेंगा पाडायला ती इसाकच्या कामी आली.

अशात कुलगुरू आले डॉ. खासनीस. माणूस विद्वान, पण त्याला सभागृहाचं वेड. आल्या आल्या त्यांनी माळावर फिरून दोन्ही हात पसरले आणि ठरवलं की इथं वातानुकूलित सभागृह होणार. आराखडा नंतर झाला, आधी कोनशिला झाली. काळा दगड, सोनेरी अक्षरं, त्यात त्यांचं नाव पाहुण्यांच्या नावापेक्षा मोठं. पाहुण्यांच्या नावाची जागा कोरी होती, कारण पाहुणा मिळायचा होता. तो दगड गोणपाटात गुंडाळून मैदानाच्या कडेला आणून टेकवला. पोरी त्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायच्या.

मी भांडायला गेलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “डफळे, तुमच्या मुली या मैदानावर आजवर काय जिंकल्यात?”

“सर, हे मैदानच जिंकू देत नाही.”

“मग मैदान कशाला हवं?”

बघा, विद्वानाशी भांडण असं असतं. आपलाच बूट आपल्या डोक्यावर. तरी मी चिकटून बसलो. नशीब असं, की त्याच आठवड्यात विभागीय आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धा घेणाऱ्यांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं होतं. मी म्हटलं, सर, स्पर्धा आपण घेऊ. ते हसले. म्हणाले, “घ्या की. या मैदानावर स्पर्धा भरवा आणि जिंकून दाखवा. मी सभागृह दुसरीकडे नेतो. नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी नारळ फोडायला तुम्हीच उभे राहायचं.”

मी हो म्हणून बाहेर आलो. बाहेर सुलू उभी होती. सुलू कोळपे, आमची कर्णधार, धनगराची पोर. मेंढरामागं धावून धावून तिचे पाय असे झाले होते की उभी राहिली तरी धावल्यासारखी दिसायची. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, जिंकायचं माझ्यावर सोडा. पण स्पर्धेआधी मैदानाच्या पाहणीला येणारा माणूस हा माळ बघूनच माघारी जाईल, त्याचं काय करणार?

मलाही तेच सुचत नव्हतं. आणि मग इसाककडं चहा पिताना मला आठवलं, मागच्या निवडणुकीत तालुक्याच्या गावी एक मंत्री हेलिकॉप्टरनं उतरला होता. त्याच्या आधी दोन दिवस तिथली बाजाराची जागा अशी झाली होती की म्हाताऱ्या बायका चपला हातात घेऊन जायच्या, पाय मळू नयेत म्हणून नव्हे, जमीन मळू नये म्हणून. खेळासाठी या राज्यात रोलर नव्हता. उतरणाऱ्यासाठी होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी गुळव्यांना प्रश्न विचारला.

त्या प्रश्नाचं पुढं काय झालं, ते मी फक्त बसून पाहिलं. गुळवे तिथून उठले ते थेट तहसीलदारांकडं गेले. तहसीलदारांना या दौऱ्याची काहीच खबर नव्हती. पण उपअभियंत्याला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे कबूल कसं करणार? ते म्हणाले, हो हो, माझ्याही कानावर आहे. तिथून ते फौजदाराला कळलं. फौजदार म्हणाला, आमच्याकडं कालच आलंय, पण गुप्त आहे. दुपारपर्यंत ही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली, आणि तिथं तर ती फारच जुनी निघाली. संध्याकाळी खुद्द कुलगुरूंनी मला बोलावून बजावलं, मंत्री येणार आहेत, कुणाला बोलू नका. मी म्हटलं, सर, माझ्या तोंडून ब्र निघायचा नाही.

आमच्या भागात सरकारी माणसाला फाशी दिलेली चालेल, पण “मला माहीत नाही” असं म्हणायला लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर रोलर. मागं मुरमाचे ट्रक. त्यामागं पाण्याचे टँकर, ज्यांच्यासाठी गावात बायका भांडायच्या, ते इथं जमिनीवर पाणी ओतून जात होते. दगड गेले, शैलाचा, कमरूनिसाचा, सुलूचे दोन्ही. बाभळी मुळासकट गेल्या. गाढवांना फौजदारानं हद्दपार केलं. जीपवाला स्वतःहून गेला. मधोमध चुन्याचा मोठा गोल आणि त्यात इंग्रजी अक्षर आलं. वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी पिशवी लागते म्हणे. तिच्यासाठी उंच काठी शोधत गुळवे माझ्याकडं आले. मी वल्हं काढून दिलं. पिशवीच्या जागी जुन्या वसतिगृहातल्या लोडाचा अभ्रा शिवून घेतला. इतक्या वर्षांनी सरकारी क्रीडासाहित्य मैदानावर लागलं, मला भरून आलं.

एकच पंचाईत झाली. गोलाच्या पश्चिमेला मी खो-खोचं मैदान आखून दोन खांब रोवले. गुळवे घाबरे झाले. म्हणाले, लँडिंगच्या जवळ खांब कसे चालतील? मी याही वेळी खोटं बोललो नाही. मी विचारलं, “मंत्री येणार आणि स्वागताला खेळाडू नकोत?” त्यांनी विचार केला आणि स्वतःच ठरवून टाकलं की मंत्री खो-खोच्या अंतिम सामन्याला येणार. झालं, दौऱ्याला तारीख मिळाली.

स्पर्धेचा पाहणी करणारा माणूस आला, त्यानं ती जमीन बघितली आणि खाली वाकून हात लावला. म्हणाला, आमच्या राजधानीतसुद्धा असं मैदान नाही. मी म्हटलं, आमच्याकडं खेळाला फार महत्त्व.

स्पर्धा भरली. आमच्या पोरींनी आयुष्यात पहिल्यांदा सपाट जमीन बघितली होती. पहिल्या सामन्यात त्या बिचकून पळत होत्या. दगड नाही म्हणजे काहीतरी चुकतंय, असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या सामन्यापासून सुटल्या. आणि अंतिम सामन्याच्या दिवशी सगळा जिल्हा मैदानावर. तहसीलदार, फौजदार, गुळवे कोट घालून, कुलगुरू शाल आणि नारळ घेऊन, आणि मोठे कलेक्टरसुद्धा. सगळे आभाळाकडं बघत होते. सामना बघणारा मी एकटाच. माझी योजना साधी होती. सामना संपेल, मंत्री यायचे नाहीत. मोठ्या लोकांचं असंच, म्हणून सगळे घरी जातील. न आलेल्या मंत्र्याची चौकशी आजवर कुणी केलीय?

सामना असा अटीतटीला आला की सांगता सोय नाही. शेवटचा डाव, पाठलाग समोरच्या संघाचा. आमच्या सगळ्या बाद होऊन मैदानात एकटी सुलू उरलेली. शेवटच्या शिट्टीपर्यंत टिकली तर आम्ही जिंकलो. सापडली तर सामना गेला, मैदान गेलं आणि नारळ फोडायला मी. समोरच्यांच्यात एक उंच पोर होती, घारीसारखी. तिनं सुलूला खांबाच्या कोपऱ्यात कोंडत आणलं. सुलू दमली होती. मी सुलूला दमलेली कधी पाहिली नव्हती, म्हणून मला ओळखायलाही वेळ लागला.

आणि तेवढ्यात आभाळात घरघर झाली.

मला वाटलं, रोलर सुरू झाला. मान वर केली, तर माझा प्रश्न आभाळातून खाली येत होता. खरंखुरं हेलिकॉप्टर.

मुरूम उडाला. कुलगुरूंची शाल गुळव्यांच्या तोंडावर, गुळव्यांची टोपी टँकरवर. मांडव आडवा. पंच शिट्टी वाजवत होता, सामना थांबवायला, पण त्या घरघरीत त्याची शिट्टी त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हती. सामना सुरूच. आता खो-खो खेळलेल्याला सांगायला नको, पाठलाग करणारीला मागं वळता येत नाही. तिनं ओळीत बसलेल्या आपल्या पोरीच्या पाठीवर थाप मारून मोठ्यानं खो म्हणायचं, तेव्हा ती उठते. त्या घारीनं खो दिला. घसा फुटेपर्यंत दिला. पण बसलेल्या पोरींना पाठीवर वारा, मुरूम, खडे सगळंच बसत होतं. त्यातली थाप कुठली आणि खडा कुठला? एकही उठली नाही. आणि आमची सुलू तर माळावरच्या धुळीत मेंढरं वळवत वाढलेली. तिला ती धूळ म्हणजे माहेर. खाली वाकून, डोळे मिटून ती त्या आठ जणींच्या ओळीतून अशी नागमोडी पळत राहिली, की धूळ बसली तेव्हा वेळ संपून गेलेली होती. घड्याळवाला हात वर करून उभा होता, आणि सुलू कुठंच दिसत नव्हती. मग दिसली. पळण्याच्या भरात ती थेट हेलिकॉप्टरच्या दारापाशी पोचली होती. मंत्री खाली उतरले ते तिच्या समोरच. तिनं हात जोडले. त्यांना वाटलं, स्वागताची पद्धत आहे. त्यांनी निघताना गळ्यात पडलेला हार काढून तिच्या गळ्यात घातला.

आम्ही जिंकलो होतो. पण तिकडं कुणाचं लक्ष होतं? मंत्र्यांनी डोळे पुसत विचारलं, कार्यक्रम काय आहे. कलेक्टर तहसीलदाराकडं बघायला लागले, तहसीलदार गुळव्यांकडं, गुळवे माझ्याकडं. आणि तेवढ्यात कुलगुरू पुढं झाले. विद्वान माणूस, संधी ओळखली. म्हणाले, साहेब, आपल्या हस्ते सभागृहाचं भूमिपूजन. दोन शिपायांनी गोणपाट ओढलं. काळा दगड, सोनेरी अक्षरं, आणि पाहुण्याची कोरी जागा.

मी म्हटलं, सर, आपलं बोलणं झालंय, आम्ही जिंकलोय. कुलगुरू ओठातल्या ओठात म्हणाले, “डफळे, मंत्री काय रोज येतात?” आणि नारळ मंत्र्यांच्या हातात दिला.

मीच मागवलेला पाऊस माझंच घर वाहून न्यायला निघाला होता. सुलू हार घालून बाजूला उभी. ती माझ्याकडं बघत होती. मंत्र्यांनी नारळ वर उचलला. आता भांडून उपयोग नव्हता, रडून तर नव्हताच. मला आयुष्यात एकच गोष्ट नीट जमते. मी पुढं झालो, हात जोडले आणि विचारलं,

“साहेब, पुढच्या खेपेला आपण उतरणार कुठं?”

नारळ हवेतच थांबला. अगदी गुळव्यांच्या भज्यासारखा.

मंत्र्यांनी गुळव्यांना विचारलं, जवळपास दुसरी सपाट जागा आहे का. गुळव्यांनी मान हलवली. दगड आहेत साहेब सगळीकडं.

“मग काय, मी रस्त्यानं येऊ?”

तो रस्ता गुळव्यांच्याच खात्यानं केलेला. त्यावरून मंत्री आले असते तर त्या खात्यात कुणी उरलं नसतं. गुळव्यांच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं खरं वाक्य निघालं. “नको साहेब. रस्त्यानं अजिबात नको.”

मंत्र्यांनी कुलगुरूंच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सभागृह चांगलंच आहे, पलीकडच्या खडकावर बांधा, पाया पक्का होईल. ही जागा मात्र राखीव. इथं वीट चढवायची नाही, झाड लावायचं नाही, आणि जमीन कायम अशीच ठेवायची. मग ते चुन्याच्या गोलापर्यंत गेले आणि नारळ तिथं फोडला. टाळ्या झाल्या. कुलगुरूंनीही वाजवल्या, पण बहुतेक एकाच हातानं. गुळव्यांनी तिथल्या तिथं खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं.

चहा झाला. निघताना मंत्र्यांनी मला बाजूला घेतलं. पंखा फिरायला लागला होता, म्हणून तोंड माझ्या कानाशी आणलं.

“मास्तर, माझा दौरा मला काल कळला. कलेक्टर विचारत होते, तयारी झालीय, किती वाजता येताय. आता एवढी तयारी झाल्यावर आलो नाही, तर लोक म्हणतात साहेब रुसले. खरं सांगा, हा दौरा ठरवला कुणी?”

मी म्हटलं, “साहेब, मी फक्त जागा किती लागते ते विचारलं होतं.”

ते हसले नाहीत, पण मिशी हलली. “या सामन्यांना पुढल्या वर्षी किती तारीख?”

“कळवतो साहेब. येणार आपण?”

“छे. मला काय काम नाही? पण येणार आहे असं सांगायला माझी काही हरकत नाही.”

आणि गेले वर.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. त्यानंतर किती आले, किती गेले, पण सरकारी कागदात तो माळ ‘हेलिकॉप्टर उतरण्यासाठी राखीव’ राहिलाच. दर वर्षी स्पर्धेच्या आधी रोलर येतो, टँकर येतात, चुना पडतो. खेळासाठी अजून दमडी आलेली नाही. त्या काळ्या दगडावर पोरी अजून नाड्या बांधतात. अक्षरं पुसट झालीत, कोरी जागा मात्र कोरीच आहे. आणि उतरलं म्हणाल, तर त्या दिवसानंतर त्या मैदानावर घारसुद्धा उतरलेली नाही.

मी निवृत्त झालो. आता माझ्या खुर्चीवर सुलू आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, सर, सामने जवळ आलेत, नवा उपअभियंता कडक आहे, ऐकत नाही. म्हणतो, कोण मंत्री येणार आहे ते आधी सांगा.

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? मला खोटं बोलता येत नाही, सर.”

“खोटं कुणी बोलायला सांगितलंय? चहाला बोलाव त्याला. भजी मागव.”

“आणि?”

“भजं तोंडाशी नेऊ दे. मग विचार.”

सुलू हळूच म्हणाली, “सर, यंदा दोन हेलिकॉप्टरांना किती जागा लागते ते विचारू? पोरींना धावपट्टी पण हवीय.”